शंभर दाण्यांवरून अख्खं पोतं : एम.एस्सी.चा इन्फरन्स सोप्या भाषेत

मे महिना सरत आला की आमच्या अमळनेर तालुक्याकडच्या गावांत, ज्यांनी घरचंच सोयाबीन बियाण्यासाठी राखून ठेवलंय त्यांच्या ओसरीत ओल्या गोणपाटाची एक सुरळी दिसते. पोत्यातून शंभर दाणे मोजून घ्यायचे, गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरा ओला तुकडा टाकून सुरळी करायची आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत आठवडाभर सावलीत ठेवायची. खान्देशातलं मे महिन्याचं ऊन असं, की एका दुपारी पाणी द्यायचं राहिलं तर गोणपाट पापडासारखं कडक होतं. म्हणून घरातलं कुणी ना कुणी त्यावर नजर ठेवून असतं. आठव्या दिवशी सुरळी उलगडली की आमच्या घरचे नाना एकच विचारतात, "कितला उगनात?"

त्या वर्षी 82 उगवले होते.

मी तेव्हा एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सचं पहिलं वर्ष संपवून सुट्टीला घरी आले होते. वहीत इन्फरन्सच्या, म्हणजे थोड्या नमुन्यावरून अख्ख्याबद्दल अनुमान काढण्याच्या शास्त्राच्या, सिद्धता पानंच्या पानं होत्या, आणि त्यांचा ओसरीतल्या गोणपाटाशी काही संबंध असेल हे मनातही आलं नव्हतं. त्या सुट्टीत तो संबंध लागला आणि विषय हाताशी आला. आता मी हाच विषय शिकवते, आणि दरवर्षी पहिल्या तासाला शंभर दाण्यांपासूनच सुरुवात करते. यंदा ज्यांचा एम.एस्सी.ला नंबर लागणार आहे त्यांच्यासाठी, आणि आपली मुलं तिथं नेमकं काय शिकतात याची उत्सुकता असलेल्यांसाठीही, हे लिहिते आहे.

हलतं काय आणि स्थिर काय

पोत्यातले सगळे दाणे ओल्या मातीत टाकले तर त्यातले किती टक्के उगवतील? हा जो आकडा, त्याला आपण खरी उगवण म्हणू. पुस्तकात त्याला पॅरामीटर म्हणतात. तो ठरलेला आहे, फक्त आपल्याला माहीत नाही. माहीत करून घ्यायला अख्खं पोतं भिजवावं लागेल, मग पेरायला काय उरणार?

82 हा आकडा मात्र ठरलेला नव्हता. त्याच पोत्यातून दुसरे शंभर दाणे उचलले असते तर 79 आले असते, किंवा 86. खरी उगवण जागची हलत नाही, हलतो तो आपल्या हातात आलेला आकडा. बी.एस्सी.पर्यंत आपण सूत्र लावून हा आकडा काढतो आणि उत्तर लिहितो. एम.एस्सी.ला प्रश्न बदलतो : आकडा काढण्याची ही जी रीत आहे, ती पुन्हा पुन्हा वापरली तर कशी वागेल? सरासरीने खऱ्याच्या जवळ राहील का? दर खेपेला किती इकडेतिकडे होईल? याहून चांगली रीत असू शकते का? रीतीला एस्टिमेटर म्हणतात आणि तिच्यातून एका खेपेला निघालेल्या आकड्याला एस्टिमेट. हा फरक पहिल्या महिन्यात पक्का झाला नाही तर पुढचं सगळं पाठांतर होऊन बसतं. हुशार मुलांचंही असं झालेलं मी पाहिलंय.

शंभर दाण्यांची रीत किती हलते ते काढता येतं. उगवण 0.82, न उगवणं 0.18, दोघांचा गुणाकार, भागिले 100, त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं साधारण 0.038, म्हणजे 3.8 टक्के. दाणे 100 ऐवजी 400 घेतले तर हे हलणं चौपट कमी होत नाही, निम्मं होतं, 1.9 वर येतं. वर्गमूळाचा हा हिशोब कडक आहे : अचूकता दुप्पट हवी असेल तर मेहनत चौपट. बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळांतही उगवणीच्या चाचणीला 400 दाणे घेण्याची रीत आहे, शंभर-शंभरचे चार गट करून.

किती उगवले एवढंच पुरे

गोणपाट उलगडल्यावर नाना कधी विचारत नाहीत की तिसऱ्या ओळीतला सातवा दाणा उगवला का. कितला, एवढंच विचारतात. त्यांच्या या प्रश्नात एक मोठी संकल्पना आहे, तिचं नाव सफिशियन्सी, मराठीत पर्याप्तता.

शंभर दाण्यांची पूर्ण नोंद म्हणजे शंभर हो-नाहींची यादी. ती यादी फेकून देऊन फक्त 82 हा आकडा ठेवला तर खऱ्या उगवणीबद्दल आपण काही गमावलं का? नाही. एकूण 82 उगवले हे कळल्यावर ते कोणते 82, हा निव्वळ योगायोगाचा भाग उरतो. शंभरातले कुठलेही 82 सारखेच शक्य. खरी उगवण 60 असो की 90, या उरलेल्या भागात तिचा मागमूस नसतो. पर्याप्ततेची व्याख्या नेमकी हीच आहे. रोनाल्ड फिशर यांनी 1922 च्या एका मोठ्या निबंधात ती मांडली, आणि आज आपण वापरतो ती इन्फरन्सची कितीतरी भाषा त्या एका निबंधातली आहे. फिशर तेव्हा इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करत होते. या विषयाचा मोठा भाग खतं आणि पिकांच्या हिशोबातून उभा राहिला, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगते. तो आपल्याला परका नाही.

त्याच निबंधातली दुसरी गोष्ट लाइकलीहुड. 82 तर आले, ते आता बदलत नाहीत. आता खऱ्या उगवणीची एकेक किंमत धरून बघायची. खरी उगवण 50 असती तर शंभरात 82 उगवणं जवळजवळ अशक्य. 70 असती तर अवघड. 80 असती तर सहज शक्य. 95 असती तर इतके कमी उगवणं पुन्हा अशक्याजवळ. प्रत्येक किमतीला, हातात आलेला निकाल किती शक्य होता तो आकडा मांडत गेलो की एक टेकडी तयार होते आणि तिचा माथा बरोबर 0.82 वर येतो. माथा शोधण्याच्या रीतीला मॅक्झिमम लाइकलीहुड म्हणतात.

माथा कुठे, याइतकंच टेकडी कशी आहे हे महत्त्वाचं. शंभर दाण्यांची टेकडी पसरट असते, माथ्याच्या आजूबाजूच्या किमतीही जवळजवळ तितक्याच पटतात. चारशे दाण्यांची टेकडी सुळक्यासारखी होते. माथ्यापाशी उतार किती झपाट्याने बदलतो, त्याचं माप म्हणजे फिशर इन्फर्मेशन. नाव भारदस्त आहे, पण मनात सुळका आणि पसरट टेकडी ठेवली की त्याचं डेरिव्हेटिव्ह का घेतात ते आपोआप कळतं.

एका दाण्याची रीत, आणि ती सुधारणं

माझा सगळ्यात आवडता भाग इथे येतो, म्हणून जरा रेंगाळते.

समजा कुणी अशी रीत काढली : शंभर दाणे मांडायचे, पण फक्त पहिलाच बघायचा. तो उगवला तर खरी उगवण 100 टक्के म्हणायची, नाही तर शून्य. ऐकायला वेडगळ वाटते. पण ही रीत अनबायस्ड आहे, म्हणजे सरासरीने बरोबर! खरी उगवण 80 असेल तर दहातल्या आठ खेपांना ही रीत 100 म्हणेल, दोन खेपांना शून्य, आणि सरासरी येईल 80. सरासरीने बरोबर असणं पुरेसं नसतं, याचा याहून उघड दाखला मला माहीत नाही.

आता ही रीत सुधारू. एकूण 82 उगवलेत हे कळलंय असं धरा आणि विचारा : पहिला दाणा उगवलेल्यांपैकी असण्याची शक्यता किती? कुठलेही 82 सारखेच शक्य, म्हणून उत्तर 82 भागिले 100. म्हणजे वेडगळ रीत पर्याप्त आकड्याच्या चाळणीतून काढली आणि बाहेर आली ती आपली नेहमीची टक्केवारी. सरासरी तीच राहिली, हलणं मात्र दहापट कमी झालं. व्हेरियन्सच्या, म्हणजे या हलण्याच्या वर्गाच्या, भाषेत अगदी नेमकं शंभरपट. ही चाळणी म्हणजे राव-ब्लॅकवेल प्रमेय. सी. आर. राव यांनी ते 1945 मध्ये मांडलं, अमेरिकेतल्या डेव्हिड ब्लॅकवेल यांनी स्वतंत्रपणे 1947 मध्ये.

राव यांच्या त्याच 1945 च्या निबंधात आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्यामागची हकीकत मराठी विद्यार्थ्यांना माहीत असायलाच हवी. राव तेव्हा कलकत्त्यात एम.ए.च्या वर्गाला शिकवत होते, वय चोविशीच्या आसपास. नमुना खूप मोठा असेल तेव्हा एस्टिमेटरचं हलणं किती कमी होऊ शकतं याचा फिशर यांचा निष्कर्ष त्यांनी फळ्यावर मांडला. वर्गातल्या एका विद्यार्थ्याने विचारलं, की नमुना लहान असेल तर असं काही सिद्ध करता येईल का? राव घरी गेले, त्या रात्री बसून काम केलं आणि उत्तर घेऊन आले. तो विद्यार्थी म्हणजे वि. म. दांडेकर, पुढे पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये ज्यांनी अर्थशास्त्रात मोठं काम केलं ते. आणि ते उत्तर म्हणजे क्रॅमर-राव मर्यादा : कुठलीही अनबायस्ड रीत घ्या, तिचा व्हेरियन्स इन्फर्मेशनच्या व्यस्तापेक्षा खाली जाऊच शकत नाही. वर्गात शंका विचारायला लाजणाऱ्या मुलामुलींना मी ही हकीकत सांगते.

ही मर्यादा शंभर दाण्यांना लावून बघा. 0.82 गुणिले 0.18 भागिले 100. हा तोच आकडा, जो आपण वर साध्या टक्केवारीसाठी वर्गमूळ घेण्याआधी काढला होता. म्हणजे साधी टक्केवारी मर्यादेला जाऊन टेकली आहे. अनबायस्ड रीतींमध्ये नानांच्या मोजणीपेक्षा चांगली रीत या जगात नाही, आणि हे सिद्ध झालेलं आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वही मिटून ओसरीत नानांना सांगायला गेले होते.

सगळीकडे मात्र असं सरळ जुळत नाही. टोकण पद्धतीत एका जागी दोन दाणे टाकले, तर दोन्ही वाया जाण्याची शक्यता किती, म्हणजे नांग्या किती भराव्या लागतील? मॅक्झिमम लाइकलीहुड सांगतं, न उगवण्याच्या 0.18 चा वर्ग करा : 0.0324. पण ही रीत सरासरीने थोडं जास्त सांगते. अनबायस्ड उत्तर हवं असेल तर 18 गुणिले 17, भागिले 100 गुणिले 99 : 0.0309. आणि उगवलेल्यांच्या संख्येवर उभी असलेली याहून वेगळी अनबायस्ड रीत असूच शकत नाही, हे कम्प्लीटनेस नावाच्या गुणावर उभं असलेलं लेहमन-शेफे यांचं प्रमेय सांगतं. दोन्ही उत्तरं वाजवी आहेत, शंभर नांग्यांमागे चार-पाचांचा फरक. कुठलं घ्यायचं हे कामावर अवलंबून, आणि अनबायस्ड म्हणजे आपोआप श्रेष्ठ असा समज मी तरी कुणाचा होऊ देत नाही.

मर्यादा जिथे लागूच होत नाही अशीही गणितं आहेत. तुम्ही फाट्यावर रोज कधीही जाऊन उभे राहता आणि एसटी ठरावीक अंतराने येते, पण ते अंतर किती मिनिटांचं ते कुणालाच माहीत नाही. नऊ दिवसांत सगळ्यात जास्त थांबावं लागलं 27 मिनिटं. लाइकलीहुडचा माथा 27 वर येतो. पण खरं अंतर 27 पेक्षा कमी असूच शकत नाही, जास्त मात्र असू शकतं. म्हणून नऊ दिवसांसाठी दहा-नवमांशाने गुणायचं, 30 मिनिटं. इथे चूक वर्गमूळाने कमी होत नाही, थेट दिवसांच्या संख्येने होते, फार वेगाने. कारण ज्याचा शोध घेतोय तेच टोकाला बसलंय, आणि टेकडीला गोल माथा न राहता कडा आहे. पुस्तकात रेग्युलॅरिटी कंडिशन्स म्हणून जी कंटाळवाणी यादी असते ती अशा कड्यांपासून सावध करण्यासाठी आहे. माथ्यांच्या बाबतीत आणखी एक मराठी नाव आहे : वसंत शंकर हुजूरबाजार, कोल्हापूरचे, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे संस्थापक प्रमुख. नमुना वाढत जातो तेव्हा लाइकलीहुड समीकरणाच्या (उतार शून्य धरून माथा शोधायच्या समीकरणाच्या) उत्तरांपैकी खऱ्याकडे जाणारं उत्तर एकच असतं आणि तिथेच माथा असतो, हे त्यांनी 1948 मध्ये दाखवलं. त्यांचं नाव पुस्तकात आलं की पान भराभर उलटू नका.

पेरावं की नाही

सोयाबीनच्या बियाण्याची उगवण किमान 70 टक्के हवी. आपलं पोतं त्याच्या वर आहे का? इथे चूक दोन तऱ्हेची होऊ शकते. वाईट बी चांगलं समजून पेरलं तर दुबार पेरणीची पाळी. चांगलं बी वाईट समजून सोडलं तर विकतच्या बियाण्याचा खर्च. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणता येत नाहीत. नेमन आणि पिअर्सन यांनी 1933 मध्ये वाट दाखवली : जी चूक जास्त जड वाटते तिच्यावर मर्यादा घाला, आणि त्या मर्यादेत राहून दुसरी शक्य तितकी कमी करा.

समजा, पोतं 70 चंच असेल तर ते चुकून पास होण्याची शक्यता 5 टक्क्यांच्या आसपास ठेवायची. मग शंभरात 78 किंवा जास्त उगवले तरच पास, असा नियम निघतो. आणि पोतं खरोखर 80 चं असेल तर? ते पास होण्याची शक्यता साधारण 74 टक्के. म्हणजे दर चार चांगल्या पोत्यांतलं एक हा नियम नापास करतो. या 74 ला पॉवर म्हणतात, आणि नियम बनवणारे बहुतेक जण ती काढायचं विसरतात. दाणे 400 केले, तर तेवढ्याच कडकपणाने 296 चा उंबरठा येतो, आणि 80 चं पोतं नापास होण्याची शक्यता हजारात एखादी उरते.

नेमन-पिअर्सन प्रमेयाची गंमत अशी, की सगळ्यात चांगला नियम शोधायला ते दोन लाइकलीहुडचं गुणोत्तर घ्यायला सांगतं; आणि ते गुणोत्तर मांडलं की उगवलेल्या दाण्यांसोबत ते वाढतच जातं. म्हणून सर्वोत्तम नियम निघतो तो "अमुक इतके उगवले तर पेर" हाच. शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या वापरलेला.

पी-व्हॅल्यूबद्दल थोडंच, कारण तिच्यावर बोलावं तितकं कमी. पोतं 70 चंच असतं तर 82 किंवा त्याहून जास्त उगवण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी आहे. एवढंच ती सांगते. पोतं 70 चं असण्याची शक्यता शंभरात एक, असं ती सांगत नाही. पहिल्या वाक्यात पोतं धरून दाण्यांबद्दल बोललंय, दुसऱ्यात दाणे धरून पोत्याबद्दल. दुसऱ्या वाक्यासाठी चाचणीच्या आधी पोत्याबद्दल काय माहीत होतं हे सांगावं लागतं, आणि ती थॉमस बेज यांची वाट : आधीचा अंदाज आणि हातातला निकाल एकत्र करण्याची. नानांना गेल्या काही वर्षांच्या अनुभवावरून वाटतं की घरचं बी साधारण 80 चं असतं, आणि त्यांच्या त्या अनुभवाला शंभर दाण्यांइतकं वजन दिलं, तर 80 आणि 82 मिळून 162 भागिले 200, म्हणजे 81 टक्के.

कॉन्फिडन्स इंटरव्हललाही हीच काळजी लागते. 82 ला दोन्हीकडे साडेसात टक्के धरले की 74.5 ते 89.5 अशी कक्षा मिळते, 95 टक्के खात्रीची. ती खात्री कुणाची? समजा, एकाच लॉटचं बी गावातल्या वीस घरांत गेलं आणि प्रत्येक घराने आपापले शंभर दाणे भिजवून आपापली कक्षा काढली. वीसच्या वीस कक्षा वेगळ्या येतील, आणि त्यांतल्या साधारण एकोणीस कक्षांत खरी उगवण सापडेल. आपलं घर एकोणिसांत की विसावं, हे आपल्याला कळत नाही. 95 टक्के ही रीतीची लायकी आहे, एका घराच्या कक्षेची नाही.

मूठ कुठून भरली

हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे : शंभर दाणे पोत्यातून कसेही, कुठलेही, पण निवड न करता घेतलेले हवेत. कापूस विकायला नेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गाडी जिनिंगच्या दारात उभी राहते, व्यापारी कापसात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर कापूस ओढून ओल बघतो, धागा ताणून बघतो आणि भाव बोलतो. "मूठभर देखीसन गाडीना भाव ठरस," असं नाना म्हणतात. वरवरची मूठ उन्हाने वाळलेली, तळातली दमट. कुठून मूठ भरली यावर शेकडो रुपयांचा फरक पडतो, आणि एकाच जागेवरून शंभर मुठी भरल्या तरी ती चूक कमी होत नाही. नमुना वाढवून हलणं कमी होतं, कल कमी होत नाही.

साताऱ्याकडचे पां. वा. सुखात्मे यांनी पीक कापणीच्या प्रयोगांत हेच दाखवून दिलं. शेतात यादृच्छिक जागा निवडून छोटा तुकडा कापायचा आणि त्यावरून उत्पन्न काढायचं. पण तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून येतं, कारण सीमेवरची झाडं कापणारा माणूस नकळत आत धरतो. लहान तुकड्याला सीमा जास्त, आणि झाडं आत ओढण्याची सवय तीच. असे हजार छोटे तुकडे कापले तरी सरासरी फुगलेलीच राहते. आपल्या शिवारात आज पीक कापणी प्रयोग होतो, त्यावर विम्याची भरपाई ठरते, तेव्हा तुकडा कुठला आणि केवढा हा प्रश्न विचारणाऱ्या शेतकऱ्याच्या बाजूने हे सगळं शास्त्र उभं आहे.

त्या सुट्टीत मी नानांना म्हटलं, एवढ्यावर थांबायला नको. घरातलं एक पोतं ओसरीत मोकळं केलं, दाणे सपाट पसरले, वर-खाली केले, आणि ढिगाच्या वेगवेगळ्या जागांहून शंभर-शंभरचे चार वाटे मोजले. सोयाबीनचं साल पातळ, मळणीत मार लागलेले दाणे बघूनच ओळखू येतात. मोजताना हात आपोआप चांगल्या दाण्याकडे जातो, म्हणून आईने डोळे मिटून मूठ भरून दिली आणि मी ती मोजली. चार सुरळ्या, आठ दिवस पाणी. 79, 84, 81, 85. चारशेत 329, म्हणजे 82.25 टक्के, कक्षा 78.5 ते 86.

"कितला?" नानांनी दारातूनच विचारलं.

"चारशेत तीनशे एकोणतीस."

त्यांनी मनातल्या मनात काहीतरी जमवलं, मान हलवली आणि पाभरीचे फाळ शेवटून घ्यायला लोहाराकडे निघाले.